रेगे म्हणजे फक्त बॉब मार्ली का?

खर्ज_पंचम

बॉब मार्लीचा चेहरा कुठे नाही? टी-शर्टवर, मोबाइलच्या कव्हरवर, होस्टेलच्या भिंतीवर. माणूस थोर होता, त्यात वादच नाही. पण बरीच वर्षं रेगे, म्हणजे मार्लीचं ते जमैकन संगीत, ऐकल्यावर माझं एक मत पक्कं झालंय, ते इथे मांडतो. आज जगभर जे संगीत वाजतंय त्यावर मार्लीपेक्षा खोल ठसा जमैकाच्या राजधानीतल्या, किंग्स्टनमधल्या एका रेडिओ दुरुस्त करणाऱ्या माणसाचा आहे. ऑस्बोर्न रडॉक, म्हणजेच किंग टबी.

वॉटरहाउस नावाच्या गरीब वस्तीत ड्रोमिली अव्हेन्यूवर त्याचं घर, तिथेच स्टुडिओ. जागा इतकी कमी की अख्खा बँड मावायचा नाही. त्यामुळे वाद्यं दुसरीकडे रेकॉर्ड व्हायची आणि टेप गायनासाठी नि मिक्सिंगसाठी टबीकडे यायची. चार ट्रॅकचं जुनं मिक्सर आणि त्याने स्वतः जोडलेली यंत्रं, एवढाच संसार. गाणं सुरू झालं की तो गायकाला मधल्याच एखाद्या शब्दावर तोडायचा. तो शब्द घुमत घुमत विरायचा, गिटार एकदा चमकून गायब व्हायची आणि उरायचा नुसता बेस आणि ड्रम. एक मोठा नॉब होता, तो फिरवला की खालचे सूर गळून जाऊन झांजांचा फक्त सळसळाट राहायचा. हे सगळं टेप चालू असताना, हाताने, एका दमात. याला डब म्हणतात. मिक्सिंग टेबल हे वाजवायचं वाद्य आहे, ही गोष्ट जगाला त्याने शिकवली. आज प्रत्येक रिमिक्समध्ये हेच चाललेलं असतं.

तर दोन प्रश्न. तुमच्या मते रेगेचा खरा पाया कुणी घातला? आणि नव्याने ऐकणाऱ्याने सुरुवात कुठून करावी?

---

टेपरेकॉर्डर

मस्त धागा. टबीच्या थोरपणाबद्दल पूर्ण सहमत, पण गोष्ट त्याच्याही आधीपासून सांगायला हवी.

पन्नासच्या दशकात किंग्स्टनमधल्या गरिबांना मोठमोठ्या बँडचे कार्यक्रम परवडायचे नाहीत. मोकळ्या अंगणात कपाटाएवढे स्पीकर लावून अमेरिकन रिदम अँड ब्लूजच्या तबकड्या वाजवायचे, त्याला साउंड सिस्टिम म्हणत. क्लेमेंट 'कॉक्सन' डॉड आणि ड्यूक रीड हे त्यातले दोन कट्टर प्रतिस्पर्धी. रीड आधी पोलिसात होता, नंतर त्याचं दारूचं दुकान. आपल्याकडे जी तबकडी आहे ती दुसऱ्याला मिळू नये म्हणून हे लोक तिच्यावरचं लेबल खरवडून टाकायचे! कॉक्सनचं एक गाणं लोक 'कॉक्सन हॉप' म्हणूनच ओळखायचे. प्रत्यक्षात ते विलिस जॅक्सन नावाच्या अमेरिकन सॅक्सोफोनवाल्याचं होतं. ड्यूक रीडने त्याचं खरं नाव शोधून काढलं आणि आपल्या सिस्टिमवर ते वाजवलं, तेव्हा कॉक्सनला मोठाच धक्का बसला.

पुढे अमेरिकेतून तशा तबकड्या येणं आटलं, तेव्हा हेच लोक स्वतः रेकॉर्डिंग करू लागले. १९६३ साली ब्रेंटफर्ड रोडवर डॉडचा स्टुडिओ वन उभा राहिला. आधी स्का, मग रॉकस्टेडी, मग रेगे, सगळी घराणी त्या आवारातून गेली. मार्लीचा गट वेलर्ससुद्धा तिथलाच. म्हणून पाया कुणी घातला म्हणाल तर माझं उत्तर कॉक्सन डॉड.

---

साळुंकी

@खर्ज_पंचम, तुमच्या मताचा आदर ठेवून सांगते, मला हे अजिबात पटलेलं नाही. स्टुडिओतल्या करामती ही एक गोष्ट, आणि माणसांना उभं करणं ही दुसरी.

१८ एप्रिल १९८०. झिम्बाब्वे स्वतंत्र झाला त्या मध्यरात्री रुफारो स्टेडियममध्ये गायला मार्लीला बोलावलं होतं. वाद्यं, स्पीकर, सगळा सरंजाम त्याने स्वतःच्या खर्चाने तिथवर नेला. आत पाहुणे आणि पुढारी, बाहेर प्रवेश न मिळालेली गर्दी. ती गर्दी आत घुसायला लागली तशी पोलिसांनी अश्रुधूर सोडला, तो स्टेजपर्यंत आला. कार्यक्रम थांबला, पुन्हा सुरू झाला. दुसऱ्या दिवशी त्याने सामान्य लोकांसाठी पुन्हा कार्यक्रम केला. ज्या लढ्यावर त्याने वर्षभर आधी गाणं लिहिलं होतं, तो लढा लढलेले लोक त्याच्यासमोर उभे होते.

आणि त्याआधी १९७८ चा किंग्स्टनचा शांतता कार्यक्रम. दोन पक्षांच्या टोळ्या एकमेकांना मारत होत्या. मार्लीने पंतप्रधान मॅन्ली आणि विरोधी नेते सिआगा यांना स्टेजवर बोलावून दोघांचे हात आपल्या डोक्यावर एकत्र धरले. याच्या सव्वा वर्ष आधी घरात घुसून त्याच्यावर गोळीबार झाला होता, आणि त्यानंतर दोनच दिवसांनी जखमी हाताने तो गायला उभा राहिला होता. कुठलाही नॉब फिरवून हे होत नाही.

---

खर्ज_पंचम

साळुंकीताई, हे सगळं मान्य. पण १९७८ चा तो कार्यक्रम निघालाच तर वेलर्समधला त्याचा जुना साथीदार पीटर टॉश याचं नाव घ्यायलाच हवं. त्याच रात्री त्याने समोर बसलेल्या पुढाऱ्यांना गाणी थांबवून तोंडावर सुनावलं. हात मिळवायला त्याने कुणाला बोलावलं नाही. पुढे काही महिन्यांत पोलिसांनी त्याला बेदम मारलं. मार्ली, टॉश आणि बनी वेलर तिघांनी मिळून जे उभं केलं, ते एकट्या मार्लीच्या नावावर जमा होतं, हीच तर माझी तक्रार आहे.

---

ठेका

मी तबला वाजवतो, तेव्हा माझं लक्ष सगळ्यात आधी ड्रमवर गेलं. रेगे पहिल्यांदा ऐकला तेव्हा हात मांडीवर चालेना. कारण समेवर काहीच नाही!

चार मात्रा धरा. रॉकमध्ये पहिलीवर जोरदार ठोका असतो. रेगेच्या 'वन ड्रॉप'मध्ये पहिली मात्रा मोकळी सोडतात आणि तिसरीवर खालचा मोठा ड्रम आणि काठावरची टिचकी एकदम पडते. गिटार मात्रांच्या मधल्या जागेत 'चक्, चक्' करते, ऑर्गन त्याच्या मागे बुडबुडे सोडतो, आणि बेस या सगळ्यांच्या पोटातून गाण्याची चाल सांगत जातो. आपल्याकडे सगळे समेवर येऊन भेटतात, इथे सम प्रत्येकाने आपल्या मनात धरायची. म्हणूनच मान आपोआप डोलते.

हे काम वेलर्ससाठी कार्लटन बॅरेटने केलं, आणि बेसवर त्याचा भाऊ ॲस्टन, ज्याला सगळे 'फॅमिली मॅन' म्हणायचे. ॲस्टन २०२४ साली गेला, कार्लटनचा १९८७ मध्ये खून झाला. माझा पाया म्हणजे हे दोन भाऊ. मार्लीचं कुठलंही गाणं लावा आणि त्याच्याकडे दुर्लक्ष करून फक्त या दोघांना ऐका.

---

गोधडी

ठेकादादा, तुमचा प्रतिसाद वाचून आता गाणं लावून पाहिलं. 'समेवर काहीच नाही' हे कळल्यावर वेगळंच ऐकू येतंय!! वाचतेय, लिहीत राहा सगळे.

---

स्लिपमधला

संगीतातलं मला फार कळत नाही, क्रिकेटचा माणूस आहे. किंग्स्टन म्हटलं की मला सबाइना पार्क आठवतं आणि १९७१ मधले सरदेसाईंचे २१२. आमच्या मडगावच्या माणसाच्या त्या डावामुळे वेस्ट इंडीजवर त्यांच्या घरात फॉलोऑनची पाळी आली! त्याच दौऱ्यात गावसकरांनी ७७४ धावा केल्या आणि तिकडच्या लोकांनी त्यांच्यावर गाणं रचलं. ते रेगेच ना?

---

टेपरेकॉर्डर

@स्लिपमधला, नाही, ते कॅलिप्सो. त्रिनिदादच्या लॉर्ड रिलेटरचं. त्रिनिदाद आणि जमैका यांच्यात हजारेक मैलांपेक्षा जास्त समुद्र आहे. कॅलिप्सोमध्ये ताज्या घडामोडींवर चटकन गाणं जुळवायची रीत आहे, आपल्या पोवाड्याच्या जवळची. जमैकाचं स्वतःचं जुनं लोकसंगीत मेंटो. त्यात अमेरिकन ब्लूज आणि जॅझ मिसळून स्का झाला, तो १९६६ च्या सुमारास संथ होऊन रॉकस्टेडी झाला, आणि १९६८ मध्ये रेगे. तूट्स अँड द मेटल्सच्या त्याच वर्षीच्या गाण्यात हे नाव पहिल्यांदा तबकडीवर आलं.

---

स्लिपमधला

समजलं, आभार. सरदेसाईंवर मात्र तिकडे कुणी गाणं रचायला हवं होतं :-)

---

जुनीरेकॉर्ड

पायाबद्दल बोलताय आणि अल्फा बॉइज स्कूलचं नाव कुणीच घेतलं नाही, म्हणून लिहायला बसलो.

किंग्स्टनमधली ही अनाथ आणि वाट चुकलेल्या मुलांची शाळा. कॅथलिक जोगिणी चालवायच्या. मुलांना शिवणकाम, छपाई असे धंदे शिकवायचे, आणि बँडमध्ये पितळी वाद्यं. सिस्टर मेरी इग्नेशियस या जोगिणीकडे तबकड्यांचा मोठा संग्रह होता. जॅझ, ब्लूज, सगळं ती मुलांना ऐकवायची. शाळेसाठी तिने साउंड सिस्टिम घेतली आणि स्वतः तबकड्या लावायची. टॉमी मॅकुक, जॉनी 'डिझी' मूर, लेस्टर स्टर्लिंग, डॉन ड्रमंड आणि रिको रॉड्रिग्ज, सगळे या शाळेतले. यातल्या पहिल्या चौघांचा १९६४ मध्ये जमलेला स्काटलाइट्स हा बँड सव्वा वर्षच टिकला, पण त्या काळात स्टुडिओ वनमधल्या कितीतरी गाण्यांमागे हीच माणसं वाजवत होती.

त्यात डॉन ड्रमंड. ट्रॉम्बोन. नाचाच्या गाण्यातही त्याचे सूर काळीज पिळवटतात. हा माणूस मनोरुग्ण होता. १९६५ च्या जानेवारीच्या अगदी सुरुवातीला त्याच्या हातून त्याच्या जोडीदारणीचा, मार्गारिटा महफूदचा खून झाला. ती स्वतः नावाजलेली नर्तकी होती. ड्रमंडला बेलव्ह्यू रुग्णालयात ठेवलं, तिथेच १९६९ मध्ये तो गेला. त्याच्या कलेबद्दल भरभरून लिहिणारे मार्गारिटाचं नाव एका ओळीत उरकतात, याचा मला राग येतो. रास्ताफारी या जमैकन पंथाच्या ढोलवाल्यांना मोठ्या रंगमंचावर आणण्यासाठी ती हट्ट धरून बसली होती. काउंट ऑसी आणि त्याचे ढोलवाले सोबत नसतील तर मी नाचणार नाही, असं तिने सांगितल्याचं जमैकात आजही सांगतात.

---

गोधडी

@जुनीरेकॉर्ड, मार्गारिटाबद्दल लिहिलंत ते फार बरं केलंत. या धाग्यावर आतापर्यंत सगळे पुरुषच पाया घालतायत!

जमैकाचा ठेका जगात पहिल्यांदा खऱ्या अर्थाने गाजवला तो मिली स्मॉलने. १९६४ साली, वय जेमतेम सोळा-सतरा. 'माय बॉय लॉलिपॉप' ब्रिटन आणि अमेरिका दोन्हीकडे दुसऱ्या क्रमांकावर गेलं. ज्या क्रिस ब्लॅकवेलने पुढे मार्लीला जगासमोर आणलं, त्याची तबकड्यांची कंपनी आधी मिलीच्या गाण्यावर उभी राहिली. मार्शिया ग्रिफिथ्स, ज्युडी मोवॅट आणि रीटा मार्ली या मागे साथ गाणाऱ्या तिघी नसत्या तर १९७४ नंतरचं मार्लीचं एकही गाणं तसं वाजलं नसतं.

आणि सिस्टर नॅन्सी! १९८२ मधलं तिचं 'बॅम बॅम' हिप-हॉपवाल्यांनी इतक्या वेळा उचललंय की ते न ऐकलेला तरुण माणूस सापडणं कठीण. तिला मात्र त्या गाण्याचे पैसे कित्येक वर्षं मिळालेच नाहीत. ती अमेरिकेत बँकेत नोकरी करत होती, आणि टीव्हीवर बुटांच्या जाहिरातीत स्वतःचा आवाज ऐकल्यावर वकिलाकडे गेली. तेव्हा कुठे हक्काचा वाटा पदरात पडला.

---

साळुंकी

गोधडी, हे वाचून तळपायाची आग मस्तकात गेली. आणि हे एकटीचं नाही. तिकडे गायकाला एकरकमी थोडे पैसे देऊन वाटेला लावायचे आणि तबकडीचे हक्क निर्मात्याकडे. कॉक्सन डॉडबद्दलही वेलर्सची हीच तक्रार होती. पाया कुणी घातला हे विचारताना पैसे कुणाला मिळाले हेही विचारायला हवं.

---

हॅन्ड्सवर्थकर

बर्मिंगहॅमहून लिहितोय. बरीच वर्षं या भागात राहतोय म्हणून इथली बाजू सांगतो.

हॅन्ड्सवर्थमध्ये जमैकन आणि पंजाबी कुटुंबं शेजारी शेजारी. इथल्याच शाळेतल्या पोरांनी स्टील पल्स काढला, त्यांच्या १९७८ च्या पहिल्या अल्बमच्या नावात हॅन्ड्सवर्थ आहे. इथलाच स्टीव्हन कपूर, म्हणजे अपाची इंडियन. नव्वदीत आपल्याकडे टीव्हीवर त्याची गाणी ऐकून आपण नाचलो, पण तो इथल्या जमैकन साउंड सिस्टिमवर वाढलेला पंजाबी मुलगा होता, हे मला इथे आल्यावर कळलं. माझ्या इमारतीखालच्या न्हाव्याच्या दुकानात आजही शनिवारी ग्रेगरी आयझॅक्स लागतो. दुकानदार जमैकन, खुर्चीत बसलेले निम्मे पंजाबी आणि मीरपुरी. गाण्यात बेस आला की आरशासमोरच्या काचेच्या बाटल्या किणकिणतात आणि म्हातारा दुकानदार कात्री थांबवून तेवढी ओळ पुरी होऊ देतो.

लंडनमध्ये लिंटन क्वेसी जॉन्सन. डबच्या ठेक्यावर कविता म्हणतो, तीही जमैकन बोलीत, प्रमाण इंग्रजीत नाही. १९८१ च्या जानेवारीत न्यू क्रॉसमध्ये एका घरगुती समारंभाला आग लागून १३ कृष्णवर्णीय मुलं दगावली. त्यावरची त्याची कविता ऐकताना मी गाडी बाजूला घेतली होती. तरुणपणी तो ब्रिटनमधल्या ब्लॅक पँथर चळवळीत होता. आपले दलित पँथर १९७२ चे, नाव आणि प्रेरणा अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरांची. एकाच ठिणगीतून दोन खंडांत दोन बोलीभाषांमधली कविता पेटली, असं मला नेहमी वाटतं.

---

अनवट

@हॅन्ड्सवर्थकर, जॉन्सनबद्दल शंभर टक्के. ढसाळ वाचलेल्या माणसाला त्याच्याकडे जायला वेगळी शिडी लागत नाही.

---

म्हापशेकार

गोव्यातून. आमच्याकडे २०१६ पासून गोवा सनस्प्लॅश हा रेगे महोत्सव भरतो, दिल्लीच्या रेगे राजाज मंडळींनी सुरू केलेला. मोठी साउंड सिस्टिम समोरून ऐकायची असेल तर जरूर या. छातीत बेस वाजतो म्हणजे काय ते यूट्यूबवर कळत नाही.

पण एक खंत. बाकी वर्षभर किनाऱ्यावर रेगे म्हणजे लाल-पिवळा-हिरवा झेंडा, मार्लीचा फोटो आणि गांजा. शॅकमध्ये वाजतात तीच चार गाणी. एका ठिकाणी मी बर्निंग स्पिअर लावायला सांगितलं तर पोरगा म्हणाला, 'काका, पार्टीचं काही सांगा.' मार्कस गार्वीवर, म्हणजे कृष्णवर्णीयांच्या जमैकन पुढाऱ्यावर, अख्खा अल्बम करणारा माणूस पार्टीत बसत नाही, हे खरंच.

---

अनवट

म्हापशेकार, गांजाचा विषय काढलात तर त्याचा आपल्याशी खरा संबंध आहे. १० मे १८४५ रोजी ओल्ड हार्बर बे इथे हिंदुस्थानी गिरमिटिया मजुरांची पहिली खेप जमैकात उतरली. पुढच्या सत्तरेक वर्षांत सुमारे ३६ हजार माणसं गेली, बहुतेक उत्तर प्रदेश-बिहारकडची. गांजा आणि चिलीम त्यांच्यासोबत गेली. रास्ताफारी पंथाचा पहिला मोठा प्रचारक लिओनार्ड हॉवेल याने आपलं पुस्तक ज्या टोपणनावाने छापलं त्यात 'मरघ' आहे, म्हणजे महाराज.

पण रास्ताफारींसाठी तो श्रद्धेचा भाग. चैन म्हणून नव्हे. वसाहतवाल्यांनी ज्यांना माणूस मानलं नाही, त्यांनी आफ्रिकेतला राजा आपला देव मानला. २१ एप्रिल १९६६ ला हा राजा, इथिओपियाचा सम्राट हैले सेलासी, किंग्स्टनला आला तेव्हा विमानतळावर एवढी गर्दी धावपट्टीवर घुसली की त्याला बराच वेळ विमानातून उतरता येईना. शेवटी मॉर्टिमर प्लॅनो या रास्ता ज्येष्ठाने पुढे होऊन लोकांना वाट करायला लावली. रीटा मार्ली त्या दिवशी त्याला पाहायला जमलेल्या लोकांत होती, बॉब तेव्हा अमेरिकेत नोकरी करत होता. १९६३ मधल्या सेलासीच्या संयुक्त राष्ट्रांतल्या भाषणाचं मार्लीने पुढे जवळजवळ जसंच्या तसं गाणं केलं. वंशभेद संपेपर्यंत युद्ध राहणार, असं ते भाषण. शॅकमध्ये हे लागतं का?

---

म्हापशेकार

लागतं की! लोक त्यावर हात वर करून नाचतात. ऐकत कुणी नाही.

---

टेपरेकॉर्डर

धाग्यावर 'ठसा' हा शब्द आला म्हणून अजून एक किस्सा. १९८५ मध्ये वेन स्मिथचं 'अंडर मी स्लेंग टेंग' आलं आणि जमैकातल्या बेस-ड्रम वाजवणाऱ्यांची पोटापाण्याची पंचाईत झाली. कारण त्याचा अख्खा ठेका कॅसिओच्या एमटी-४० या छोट्या कीबोर्डमध्ये आधीच भरलेला होता. बटण दाबा, वाजतो! निर्माता किंग जॅमी, टबीच्याच हाताखाली शिकलेला. जपानमध्ये तो ठेका ज्या मुलीने तयार केला ती ओकुदा हिरोको, कॅसिओमध्ये नव्यानेच लागलेली. आणि गंमत म्हणजे कॉलेजात तिने प्रबंध लिहिला होता रेगेवर! म्हणजे रेगे जपानला गेला, यंत्रात शिरला आणि घरी परत आला.

डान्सहॉल या रेगेतूनच निघालेल्या प्रकारातल्या दुसऱ्या एका ठेक्यावर शॅबा रँक्सने गाणं केलं, तो ठेका पनामा आणि पोर्तो रिकोत पोचला, आणि आज लग्नाच्या डीजेवर जे स्पॅनिश रेगेटॉन वाजतं त्याचा कणा तोच आहे.

---

साळुंकी

@खर्ज_पंचम, मूळ प्रश्नाकडे परत येऊ. टेपरेकॉर्डर यांचा किस्सा तुमच्याच बाजूने जातो हे कबूल करते. पण आज जगभर वाजणाऱ्या संगीतात रॅपही आला. टबीचा त्या रॅपशी संबंध नेमका कसा, ते तुम्ही सांगितलंच नाहीत. रॅप तर न्यूयॉर्कचा.

---

खर्ज_पंचम

सांगतो ना. गाण्यातून गायक काढला की तबकडीवर मोकळी जागा तयार होते. तबकडीच्या मागच्या बाजूला असा गायकाविना प्रकार देत, त्याला व्हर्जन म्हणायचे. टबीची स्वतःची साउंड सिस्टिम होती आणि तिथे माइकवर यू-रॉय असायचा. तो या मोकळ्या जागेत तालात बोलायचा, गर्दीला चिथवायचा. १९७० मध्ये ड्यूक रीडने त्याचं हे बोलणं तबकडीवर आणलं आणि त्याची गाणी जमैकात एकाच वेळी पहिल्या तीन क्रमांकांवर होती.

किंग्स्टनमधून लहानपणी न्यूयॉर्कला गेलेला एक मुलगा, क्लाइव्ह कॅम्पबेल, म्हणजे डीजे कूल हर्क. ११ ऑगस्ट १९७३ ला ब्रॉन्क्समध्ये १५२० सेजविक अव्हेन्यूच्या इमारतीत बहिणीच्या पार्टीला त्याने मोठे स्पीकर लावले, गाण्यातला नुसता ड्रमचा तुकडा पुन्हा पुन्हा वाजवला आणि वर माइकवर आरोळ्या दिल्या. हिप-हॉपचा जन्म तिथे धरतात. मोठे स्पीकर, गायकाविना ठेका आणि माइकवर बोलणारा माणूस, हे तिन्ही किंग्स्टनच्या अंगणातले.

झिम्बाब्वेत मार्लीने जे केलं ते टबीला जमलं नसतं, यात शंका नाही. लोकांच्या मनावरचा ठसा मार्लीचा. संगीत कसं बनवायचं यावरचा ठसा टबीचा, आणि या मतावर मी ठाम आहे.

---

साळुंकी

हे असं मांडलंत तर माझा विरोध नाही. फक्त दुसऱ्या वाक्यात बॅरेट बंधूंना आणि अल्फाच्या सिस्टरला घ्या.

---

ठेका

नव्याने ऐकणाऱ्यांसाठी: ऑगस्टस पाब्लोचं 'किंग टबी मीट्स रॉकर्स अपटाउन'. ड्रमवर कार्लटन बॅरेट, मिक्सिंगला टबी, म्हणजे तुमचं-आमचं दोन्ही एकाच गाण्यात. त्यात पाब्लो जे मेलोडिका वाजवतो ते शाळकरी पोरांचं फुंकायचं वाद्य आहे, पण सूर ऐका. आधी जेकब मिलरने गायलेलं मूळ गाणं लावा, मग लगेच हे. मोबाइलच्या स्पीकरवर मात्र नको, बेसच ऐकू येत नाही.

---

गोधडी

दोन्ही लागोपाठ ऐकली. मूळ गाण्यातली एकच ओळ अधूनमधून येऊन जाते, बाकी सगळं रिकामं! आता डबवाल्या ली 'स्क्रॅच' पेरीकडे वळू का?

---

खर्ज_पंचम

वळाच. पेरीचा ब्लॅक आर्क स्टुडिओ त्याच्या घराच्या मागच्या अंगणात होता, आवाज टबीपेक्षा ओला आणि गढूळ. द काँगोजचं 'हार्ट ऑफ द काँगोज' घ्या, १९७७. सेड्रिक मायटनचा वरच्या पट्टीतला आवाज पहिल्या मिनिटात पकडतो.

---

जुनीरेकॉर्ड

आणि डेनिस ब्राउन विसरू नका. लहान वयात स्टुडिओ वनमध्ये गायला लागला, १९९९ मध्ये वयाच्या अवघ्या ४२ व्या वर्षी गेला. मार्लीला स्वतःला हा सगळ्यात आवडता गायक. त्याच्यावर सविस्तर लिहितो, पण इथे मावायचं नाही. उद्या वेगळा धागा काढतो.